भट्टीतलं माणिक

खरं माणिक कधी स्वच्छ नसतं, हे वेणूने नवऱ्याला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं. कुळगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती स्टोपुढे बसून चहा गाळत होती. मधू कारखान्यातून आला तो हातपाय न धुताच तिच्यापुढे उकिडवा बसला आणि कागदाची पुडी उघडत म्हणाला, "बघ. आज माझ्या ज्योतीखाली निघाली."

पुडीत अर्ध्या गाजराएवढी लाल कांडी होती. उभी चिरलेली, चिरलेल्या बाजूने काचेसारखी लखलखीत. वेणूने ती दारातल्या उजेडात नेली, डोळ्यांजवळ धरून फिरवली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "म्हणूनच खोटी वाटते."

मधू हसला. त्या दिवसांत तो सहज हसायचा.

अंबरनाथच्या बुद्धविहारात त्यांचं लग्न लागलं ते अठ्ठ्याऐंशी साली. तेव्हा दोन्हीकडच्या पाहुण्यांना एकच गंमत पुरली होती: नवरा माणकं बनवतो आणि नवरी ती पकडते. गोष्ट खरीच होती. बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मधू भालेराव भट्टीवर होता. चावीच्या घड्याळात चाकांच्या दांड्या झिजू नयेत म्हणून जे बारीक लाल खडे बसवतात, त्यांचा कच्चा माल तिथे तयार व्हायचा. वरून पांढरी भुकटी गाळत सोडायची, ती ज्योतीतून खाली येताना वितळायची आणि फिरत्या खुंटीवर थेंबाथेंबाने साठत लाल कांडी वाढायची. काळा चष्मा लावून मधू दिवसभर त्या ज्योतीकडे बघत बसायचा. घरी आल्यावरसुद्धा त्याच्या डोळ्यांपुढे ती नाचत असे.

वेणू शेजवळांची. अंबरनाथ पूर्वेला वाढलेली, उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. पुढे मुंबईत जाऊन तिने रत्नपरीक्षेचा कोर्स केला आणि उल्हासनगरलाच कॅम्प दोनच्या सोनार गल्लीत परसराम शेठच्या टेस्टिंगच्या खोलीत नोकरीला लागली. तिच्या आईला, भिमाबाईला, ते तितकंसं पटलं नव्हतं. "आपण ग्रहबिग्रह सोडून दीक्षा घेतली," ती म्हणायची, "आणि तू त्याच लोकांच्या अंगठ्या तपासत बसतेस."

"मी ग्रह नाही तपासत, आई. दगड तपासते."

परसराम शेठ बोलायला तिखट, पण शिकवायला उदार होता. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन खडे तिच्या हातावर ठेवले होते. "देख बेटा, दोनों एकच मातीचे. वजन तेच, कडकपणा तोच, चमक तीच. मशीन दोघांना माणिकच म्हणणार. मग फरक कसा करायचा?" आणि त्याने तिला मायक्रोस्कोपला बसवलं होतं. जमिनीच्या पोटातलं माणिक सावकाश, सरळ थरांनी वाढतं; ते थर एकमेकांना कोन करून भेटतात. आत सुयांचं रेशीम असतं, दुसऱ्या खनिजांचे कण असतात. वाढता वाढता तडा गेला आणि पुन्हा सांधला, तर तिथे बोटाच्या ठशासारखी नक्षी उमटते. भट्टीतल्या माणकाला असा काही भूतकाळ नसतो. कांडीचा माथा घुमटासारखा, म्हणून तिच्या पोटातल्या रेषा वाकलेल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्यासारख्या. आणि कुठे कुठे हवेचे बुडबुडे.

"डाग म्हणजे दगडाचा बाप कोण त्याचा पुरावा," शेठ म्हणायचा.

वेणूचा हात आणि डोळा दोन्ही बसले. वर्षभरात ठाण्या-कल्याणचे सराफ "मॅडमला दाखवा" म्हणू लागले. शेठ खाली गादीवर बसायचा आणि वर वेणू सांगेल ते प्रमाण मानायचा. दाखल्यावर सही तिची असे.

हे सगळं ती घरी मधूला सांगायची. तिला सांगायला आवडायचं आणि त्याला ऐकायला. नवीन लग्न, दोघांचा धंदा एकाच दगडाचा. इतर नवराबायको सिनेमाबद्दल बोलतात तशी ही दोघं माणकांबद्दल बोलायची. मधू बारावीला गणितात अडकून पडला होता. बायको आपल्यापेक्षा शिकलेली आहे, हे त्याला कुणी ना कुणी ऐकवतच असे. पण वेणूने त्याला कधी तसं जाणवू दिलं नाही. तो विचारी, ती जीव ओतून समजावून सांगे.

"तो ठसा म्हणजे नक्की काय गं?"

"तडा गेलेला असतो ना, त्यात रस शिरतो. मग तो तडा हळूहळू सांधत जातो आणि मध्ये मध्ये रसाचे थेंब अडकून राहतात. त्याची जाळी होते."

"मग तो दिसला की तुम्ही पास करता?"

"डोळे झाकून नाही करत. पण दिसला की जीव भांड्यात पडतो. खाणीतलाच आहे म्हणायचं."

मधू मान डोलवायचा. त्याच्या विचारण्यात तिला कौतुकाशिवाय काही दिसलं नाही.

पुढे सेलवरची घड्याळं आली आणि बघता बघता चावीची घड्याळं मागे पडली. सेलवाल्या घड्याळांना माणकं फारशी लागत नाहीत. कारखान्यातल्या निम्म्या ज्योती विझल्या. मधू घरी आला की भिंतीला टेकून गप्प बसायचा. मालकाने बारा जणांना घरी बसवलं तेव्हा वेणूने मधूला म्हटलं, "आपलं भागेल. माझा पगार आहे." तिला वाटलं होतं त्याला धीर येईल. तो ताटावरून उठून बाहेर गेला.

मग काही महिन्यांनी त्याची कळी पुन्हा खुलली. कारखान्याला नवं काम मिळालंय, एवढंच त्याने सांगितलं. दागिन्यांच्या खड्यांचं. वेणूला त्यात वावगं काही वाटलं नाही; सिंथेटिक म्हणून विकलं तर सिंथेटिक माणिकही चांगलंच दिसतं, बाजारात राजरोस विकलं जातं. एका संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"कसले हो?"

"मालकाने वाटले. मला सुपरवायझर केलं."

वेणूने पेढा त्याच्या तोंडात घातला, मग स्वतः खाल्ला. शेजारच्या जनाबाईला दोन नेऊन दिले.

सोनार गल्लीच्या मागे, बराकींच्या रांगेत, ईश्वरी अम्मा राहायची. फाळणीत सिंधमधून आलेली, सत्तरी ओलांडलेली. दुपारच्या जेवणाला वेणू पुष्कळदा अम्माच्या ओट्यावर जाई, कारण टेस्टिंगच्या खोलीत औषधांचा वास असायचा आणि अम्माला एकटीने जेवण जात नसे. अम्माच्या बोटात एक लहानसं माणिक होतं. निर्वासितांच्या जहाजावर ते तिने केसांच्या अंबाड्यात लपवून आणलं होतं. एकदा तिने अंगठी काढून वेणूच्या हातावर ठेवली होती. "देख ना, बेटी. इतनी साल पहना, कभी किसी को पूछा नहीं."

वेणूने वर नेऊन बघितली. खडा लहान, थोडा दुधाळ. पण आत रेशीम असं पसरलेलं, की तिला मायक्रोस्कोपवरून उठवेना. खाली येऊन तिने सांगितलं, "अम्मा, हा खरा आहे. ब्रह्मदेशातला असावा."

अम्मा हसली. "मेरी माँ झूठ नहीं बोलती थी."

ब्याण्णव साली अम्माच्या नातीचं, कविताचं, लग्न ठरलं. सासरची माणसं तालेवार. अम्माचा मुलगा गोप कपड्याचा व्यापारी होता. लोकांपुढे कमी पडायचं त्याला मरणाचं वावडं. आजीच्या अंगठीतला तो लहान, दुधाळ खडा मुलीच्या अंगावर बरा दिसेना. एका दलालाने त्याला मोठं, गडद लाल माणिक दाखवलं आणि जुना खडा बदल्यात घ्यायची तयारी दाखवली. अम्मा ऐकेना. शेवटी म्हणाली, "वेणू को दिखाओ. वो हां बोलेगी तो मैं हां बोलूंगी."

गोप खडा घेऊन आला तेव्हा लग्नसराईची गर्दी होती. टेबलावर पुड्यांची चळत. वेणूने खडा मायक्रोस्कोपखाली धरला आणि तिला ठसा दिसला. सुरेख, जाळीदार, खड्याच्या एका कोपऱ्यातून मध्यापर्यंत आलेला. बुडबुडा एकही नाही. शंकेचा खडा असला की ती तो काचेच्या वाटीत जड द्रावणात बुडवून बघायची. त्यात वरची चमक मरते आणि आतल्या रेषा उघड्या पडतात. पण त्या द्रावणाने डोकं चढायचं, आणि इथे शंकेला जागाच नव्हती.

"खरा आहे, गोपदादा," ती म्हणाली आणि सही केली.

अम्माने बोटातली अंगठी काढून दिली. साबण लावून काढावी लागली. जुना खडा दलालाबरोबर जयपूरला गेला.

लग्न थाटात झालं. वेणू आणि मधू दोघंही जेवायला गेली होती. कविताच्या बोटात ते माणिक निखाऱ्यासारखं दिसत होतं. मधूने ते जवळून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं, आणि परत येताना रस्ताभर शीळ घालत होता.

चारेक महिन्यांनी गोप पुन्हा वर आला. खडा हलायला लागला म्हणून कविताने अंगठी माहेरी पाठवली होती. सोनाराने खडा धरणाऱ्या नख्या आवळताना कोपऱ्याचा टवका उडाला. "मॅडम, देखो तो. पॉलिश करून होईल ना?"

खडा अंगठीतून सुटा झालेला होता. टवका उडाला तो बरोबर त्या ठशाच्या रेषेवर. वेणूला ते नीट वाटलं नाही. इतका जुना सांधा असा ठिसूळ कसा? तिने वाटीत द्रावण ओतलं, खडा बुडवला, खालून दिवा लावला.

ठसा दिसत होता. आणि ठशाच्या आरपार, अजिबात न अडखळता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकड्या रेषा गेल्या होत्या. एकात एक, एकात एक.

तिने दिव्याची जागा बदलून पाहिली. खडा उलटा केला. रेषा तशाच. गोप समोर बसून पंख्याखाली घाम पुसत होता. "क्या हुआ?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "ठेवून जा दादा, उद्या सांगते."

भट्टीतला खडा. त्याला कुणीतरी मुद्दाम तडा दिला होता, आणि तो रसाने सांधलाही होता. दगडाची कुठली खूण बघून टेस्टिंगवाल्याचा जीव भांड्यात पडतो, हे ठाऊक असलेल्या कुणीतरी. वेणूने खुर्ची मागे सारली. स्टोपुढे बसून विचारलेला एकेक प्रश्न तिला आठवू लागला, आणि आपलं एकेक उत्तर.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. मधू डबा घरीच विसरून गेला होता; तो घेऊन ती दुपारी कारखान्यावर गेली. याआधी ती दोनदा आली होती, वॉचमन तिला ओळखत होता. "साहेब मागच्या शेडात आहेत, वहिनी," तो म्हणाला.

शेडात मधू पाठमोरा उभा होता. पुढे विजेची भट्टी. लांब चिमट्याने तो तापलेले खडे एकेक काढून पत्र्याच्या तसराळ्यात सोडत होता. चर्र आवाज व्हायचा आणि वाफ उठायची. शेजारच्या फळीवर थंड झालेले खडे ओळीने मांडले होते, प्रत्येकाच्या पोटात केसासारखे तडे. त्याने एक उचलून उजेडात धरला आणि वळला तर दारात ती.

"डबा," वेणू म्हणाली.

तो गडबडला नाही. हेच तिला पुढे कितीतरी वर्षं खुपत राहिलं. त्याने चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "कळलं तुला?"

"गोपदादाच्या खड्याचा टवका उडाला. द्रावणात टाकून बघितला."

"द्रावणात," मधू म्हणाला. "म्हणजे नुसत्या मायक्रोस्कोपखाली नाही कळलं."

ती बघतच राहिली. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, शरम नव्हती. परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखा तो उभा होता.

"तुम्हाला ठाऊक होतं माझ्याकडे येतात ते?"

"तुझ्याकडेच तर पाठवायचे. तू पास केलास की मग कुणाची हिंमत नव्हती नाही म्हणायची." तो पुढे आला. "वेणू, पहिला खडा तुझ्याकडून सही होऊन आला ना, तेव्हा मालकाने सगळ्या कारखान्यात पेढे वाटले. म्हणाला, भालेराव, तू बारावी नापास, पण तुझ्या हातात कॉलेज आहे."

वेणूच्या तोंडात त्या पेढ्याची चव आली.

"अम्माचा खडा होता तो," ती म्हणाली. "तिने माझ्या शब्दावर दिला."

"मला काय माहीत कुठला खडा कुणाकडे जातो! आणि फसवलं म्हणजे काय केलं? तूच सांगतेस, माती एक, वजन एक, चमक एक. फरक कशाचा, तर जन्माचा. जमिनीत जन्मला तो खरा, भट्टीत जन्मला तो खोटा. अगं, आपण म्हणायचं हे? आपण? जन्मावरून लायकी ठरवणाऱ्यांच्या नावाने बोंब मारत आलो आपण, आणि तू दगडाची जात बघत बसतेस!"

हे त्याने आधीच जुळवून ठेवलं होतं, हे तिला कळलं. बाहेर ट्रक मागे घेत होते, कुणीतरी "आने दे, आने दे" ओरडत होतं.

"जन्माची लाज नव्हती तर लपवला का?" ती शेवटी म्हणाली. "भट्टीतलं आहे म्हणून विकायचं होतं. माझ्या बापाने आडनाव बदललं नाही, तुमच्याही बापाने नाही. जन्म पुसून दुसऱ्याचा लावणं, याला तुम्ही आपल्या लोकांचं नाव देऊ नका."

"इथे वीस घरांच्या चुली पेटतात त्यावर."

"आणि बारा जणांना काढलं तेव्हा?"

त्याने चिमटा पुन्हा उचलला. मग हळूच, जवळजवळ लाडात म्हणाला, "पण खरं सांग. ठसा कसा झाला होता?"

तिने डबा फळीवर ठेवला आणि निघून आली.

परसराम शेठने तिचं सगळं ऐकून घेतलं. खडा स्वतः बघितला, चष्मा काढून डोळे चोळले. "बेटा, त्या दलालाचा माल आजपासून बंद," तो म्हणाला. "पण जो गया सो गया. कुणाला सांगायचं नाही."

"शेठ, माझी सही आहे. कितीतरी लोकांच्या घरी गेलेत."

"म्हणून तर म्हणतो. एक सांगितलंस तर सगळे येतील. खरे असलेले पण येतील. चाळीस साल की दुकान आहे."

"निदान अम्माला सांगू द्या."

"मी मना केलं आहे," शेठ म्हणाला. "पुढे तू जाणे."

वेणू गेली. अम्मा ओट्यावर मेथी निवडत होती, गोपही घरी होता. वेणूने उभ्याउभ्याच सांगितलं: खडा भट्टीतला आहे, तिची चूक झाली, आणि तो कुठे बनला हेही. नवऱ्याचं नाव तिने झाकलं नाही. झाकलं असतं तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं, असं भिमाबाई मरेपर्यंत म्हणत राहिली.

गोपचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे नवरा बनवतो आणि बायको पास करते," तो म्हणाला. "क्या धंदा है!"

"दादा, तसं असतं तर मी सांगायला आले असते का?"

"टवका उडाला म्हणून आलीस! नहीं तो आती?"

टवका उडाला नसता तर तिला कळलंच नसतं, हे खरंच होतं. मेथीची काडी अम्माच्या हातात तशीच राहिली. डाव्या हाताने ती उजव्या हाताचं बोट चोळत होती, जिथे अंगठीचा फिका वळ अजून गेला नव्हता.

आठवडाभरात गल्लीत एकच वाक्य फिरलं. वेणूच्या लग्नात पाहुण्यांनी हसत म्हटलेलंच, फक्त 'पकडते'च्या जागी 'पास करते' आलं होतं आणि आता कुणी हसत नव्हतं. परसराम शेठने बाजाराच्या मंडळींपुढे हात जोडून सांगितलं, की त्या बाईने माझाही विश्वासघात केला. तिचा हिशेब करून तिला वरच्या खोलीची किल्ली ठेवून जायला सांगितलं. हे सांगताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ज्यांनी खडे विकून गाड्या घेतल्या त्या दलालांना कुणी काही विचारलं नाही. पोलिसांनी मधूला एक दुपार चौकीत बसवलं. मालकाने संध्याकाळी सोडवून आणलं, आणि वर्षभरात कारखान्याचा तो भाग सुरतेला हलवून मधूला तिथला मुख्य केला.

निघताना तो अंबरनाथला आला. वेणू तोवर आईकडे राहायला आली होती.

"चल," तो म्हणाला. "तिथे तुला कुणी ओळखत नाही. माझ्या हाताखाली चार पोरं आहेत, तू त्यांना शिकव. आपण दोघं मिळून काय करू शकू याचा विचार कर."

"तोच करतेय," वेणू म्हणाली.

तो थोडा वेळ चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिला, भिमाबाईला जयभीम म्हणाला आणि गेला. पुढे त्याने तिथे दुसरा संसार मांडल्याचं कानावर आलं. वेणूने चौकशी केली नाही.

वांगणीच्या एका शाळेत तिला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. सोनार गल्लीतून जावं लागू नये म्हणून बाजारहाट ती अंबरनाथलाच करायची.

शहाण्णव साली अम्माचा निरोप आला. अम्मा अंथरुणाला खिळली होती, वेणूला एकदा बघायचं म्हणत होती. वेणू गेली. बराकीच्या जागी आता दोन मजली घर झालं होतं. अम्मा वरच्या खोलीत खिडकीशी पडली होती, पाखरासारखी हलकी झालेली. वेणूचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "बेटी, मैंने तुझे माफ किया."

"अम्मा, मी काही केलं नव्हतं. मलाही फसवलं त्याने. मी बघण्यात चुकले, पण मला माहीत नव्हतं."

"हां, बेटी. हां." अम्मा तिच्या हातावर थोपटत राहिली. चोरी कबूल न करणाऱ्या लेकराला मोठी माणसं थोपटतात तसं. "तू खुद आके बोली ना. तेरा दिल साफ है. आदमी के पीछे औरत को जाना पडता है, मैं समझती हूं."

वेणूने पुन्हा एकदा सांगायला तोंड उघडलं. अम्माने डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की वेणूने शब्द गिळले आणि ती माफी घेतली.

जिन्याच्या तोंडाशी गोप उभा होता. केस पिकले होते. तिला वाटलं तो काही लागेलसं बोलणार. पण त्याने इकडेतिकडे बघून खिशातून पुडी काढली.

"छोट्या मुलीसाठी नीलम घेतोय," तो पुटपुटला. "जरा बघशील? तुझ्याइतकं नकली कोण ओळखणार?"

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. सरळ मनाने, हुन्नराची कदर करावी तसं बोलला. आणि खिशातून डोळ्याला लावायचा भिंगाचा आयग्लासही काढला. त्या प्रकरणानंतर त्याने स्वतःसाठी घेतला होता, बघायचं काय ते मात्र त्याला कळत नव्हतं.

नाही म्हणायचं होतं. तरी तिचा हात पुढे झाला. चार वर्षं तिने दगड हातात धरला नव्हता. आयग्लास लावून जिन्याच्या खिडकीच्या उजेडात तिने खडा फिरवला आणि आत निळ्या रंगाचे सरळ पट्टे दिसले, कोन करून एकमेकांना भेटलेले, आणि त्यांच्यावरून उतरत गेलेलं बारीक रेशीम. तिने पुन्हा बघितलं. सगळ्या बाजूंनी बघितलं. घाई केली नाही. खिडकीत ती इतका वेळ उभी राहिली, की गोपने दोनदा घसा खाकरला.

"खरा आहे," ती म्हणाली.

"पक्का?"

"पक्का. खाणीतला आहे. देताना कचरू नका."

गोपने मान हलवली, पुडीची घडी घातली, "बहोत मेहरबानी" म्हणाला. वेणू जिना उतरू लागली. अर्ध्यावर असेल नसेल, तोच वरून गोपचा आवाज आला. तो बायकोला हाक मारून सांगत होता, "सुनती हो? कहती है असली है. उसने पास किया, तो भरोसा कैसा? शाम को वापस कर देना."

वेणू कठड्याला धरून थांबली. वर जाऊन सांगावं असं तिच्या मनात आलं. मग काय सांगणार, हेही लगेच मनात आलं. ती खाली उतरली आणि उन्हात रस्त्याला लागली.